पोराचं कार्ड आणि गटाची वही

आज आपण क्रेडिट कार्डाच्या कर्जाबद्दल बोलणार आहोत. तुमच्यातल्या कितीतरी जणी म्हणतील, आमच्याकडे कुठलं कार्ड, आमच्याकडे फक्त रेशनकार्ड! खरं आहे. हे कार्ड आपल्या बटव्यात नाही. ते पुण्याला, चाकणला, हिंजवडीला नोकरी करणाऱ्या आपल्या पोराच्या पाकिटात आहे. पण त्याची बाकी फिरत फिरत गावात येते आणि एक दिवस बचत गटाच्या बैठकीत येऊन बसते. आम्ही ज्या गटांबरोबर काम करतो तिथं हे आता दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा झालंय.

मोहोळ तालुक्यातल्या एका गटाचं सांगतो. त्या ताईंची परवानगी घेतलीय, तरी नाव-गाव सांगणार नाही. ताईंनी बैठकीत ५० हजारांचं कर्ज मागितलं. कारण सांगितलं शेळ्या. आता ह्याच ताई दिवाळीत म्हणत होत्या की गुडघे धरलेत, शेळ्यांच्या मागं फिरणं होत नाही. सचिव ताईंनी सरळ विचारलं, "अक्का, शेळ्या बांधणार कुठं आणि राखणार कोण?" तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग खरं बाहेर पडलं. मुलगा चाकणला एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला, पगार २१ हजार. मध्ये अडीच महिने ब्रेक मिळाला, पगार बंद. खोलीचं भाडं, मेस, गाडीचा हप्ता सगळं कार्डावर गेलं. एका कार्डाची बाकी भरायला दुसरं कार्ड घेतलं. दुसरं भरायला मोबाईलवरच्या ॲपचं कर्ज घेतलं. आणि त्या ॲपवाल्यांनी हप्ता चुकल्यावर त्याच्या फोनमधले नंबर काढून चुलत दिराला फोन केला, गावातल्या शाळेच्या गुरुजींना केला. असं आईला कळलं. पोरानं स्वतः सांगितलंच नव्हतं.

इथं थोडं थांबून आपण हिशेब करू. बँकेची माणसं टक्के वर्षाचे सांगतात, आपल्याला शेकडा महिन्याचा कळतो. गटात आपण शेकडा दोननं देतो, काही गट शेकडा एकनं. म्हणजे शंभराला महिन्याला दोन रुपये किंवा एक रुपया. क्रेडिट कार्डावर बाकी राहिली की बहुतेक बँका शेकडा तीन ते पावणेचार रुपये लावतात. त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. शेकडा साडेतीन धरलं तर वर्षाचे ४२ टक्के होतात, जीएसटी वेगळा. तुलनेला सांगतो. महाराष्ट्रात परवाना असलेल्या सावकाराला सरकारनं दर ठरवून दिलेत. शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के, बिनतारणी १२ टक्के. शेतकरी नसलेल्याला १५ आणि १८ टक्के. त्याहून जास्त घेतलं तर सावकारावर कारवाई होते. कार्डाला अशी मर्यादा नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये सांगितलं होतं की कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं गैर आहे. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. विनापरवाना सावकार शेकडा पाच-दहा घेतात हे आपल्याला माहीत आहे, त्यांच्या दारात कुणी जाऊ नये. पण कार्डावर बँकेचं नाव छापलंय म्हणून ते स्वस्त, हा समज आधी डोक्यातून काढा.

कार्ड चालतं कसं? महिनाभर खर्च करायचा, मग बिल येतं, त्यावर भरायची तारीख असते. त्या तारखेला पूर्ण बिल भरलं तर व्याज एक पैसा नाही. अशा पद्धतीनं कार्ड वापरणारे लोक आहेत, त्यांचं काही बिघडत नाही. गडबड होते ती बिलावरच्या दुसऱ्या आकड्यामुळं. पूर्ण रकमेच्या शेजारी एक लहान रक्कम लिहिलेली असते, तिला मिनिमम ड्यू म्हणतात. बाकीच्या साधारण पाच टक्के. पोराला वाटतं, एवढं भरलं की झालं. बँकेचा फोन येत नाही, दंड लागत नाही. पण उरलेल्या सगळ्या रकमेवर व्याज सुरू होतं. नुसतं तेवढंच नाही, त्यानंतर कार्डावर घेतलेल्या नव्या वस्तूवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, कारण बिनव्याजाची सवलत जुनी बाकी असेपर्यंत बंद होते. आणि कार्डानं एटीएममधून रोख काढली तर त्यावर शुल्क वेगळं आणि व्याज त्याच दिवसापासून.

त्या मुलाच्या पहिल्या कार्डावर ६० हजार बाकी होती. शेकडा साडेतीननं महिन्याचं व्याज २,१०० रुपये, त्यावर जीएसटी ३७८. झाले २,४७८. मिनिमम ड्यू आला सुमारे ३,१२०. म्हणजे एवढे पैसे भरून मुद्दल कमी झालं साडेसहाशे रुपयांच्या आत. आम्ही बैठकीत हे वहीवर मांडलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "हे तर गळक्या घागरीनं रांजण भरणं झालं." पुढंही मांडलं. कार्डावर एक रुपयाही नवीन खर्च न करता तो दोन वर्षं नुसता मिनिमम भरत राहिला, तर भरलेले होतील सुमारे ६६ हजार आणि बाकी राहील सुमारे ४६ हजार. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बिलावर तसा इशारा छापावा लागतो, की किमान रक्कम भरत राहिलात तर फेड लांबत जाईल आणि व्याजावर व्याज चढेल. पण बिल येतं मोबाईलवर, बारीक अक्षरात, इंग्रजीत. वाचतं कोण!

आता आईनं काय करायचं?

पहिली गोष्ट, फोनवर भांडू नका. पोरगं मेसच्या रांगेत उभं असतं, शेजारी मित्र असतात, ते "हो हो, बघतो" म्हणून ठेवून देतं. त्याला गावी बोलवा किंवा कुणीतरी जा. सोलापूरहून सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसनं निघालं तर दुपारपर्यंत समोरासमोर बसता येतं. त्या ताई गेल्या. सोबत शेंगाचटणी, कडक भाकरी आणि गटाची कोरी वही. "किती उडवलेस?" असं त्यांनी विचारलं नाही. "कुणाकुणाचं देणं आहे ते सांग, मी लिहून घेते," एवढंच म्हणाल्या. आम्हाला हे फार शहाणपणाचं वाटतं. "किती उडवलेस" म्हटलं की पोरगं निम्मं सांगतं आणि निम्मं दडवतं. मग आपण निम्म्या कर्जासाठी सोनं मोडतो आणि दोन महिन्यांनी उरलेलं निम्मं दारात येतं.

वहीत आपण गटात लिहितो तसंच लिहा. कुणाचं देणं, बाकी किती, शेकडा किती, तारीख कुठली, शेवटचा हप्ता कधी भरला. कार्ड, ॲप, मित्राकडून घेतलेले, किराणा दुकानाची उधारी, सगळं. त्या मुलाचं लिहून झालं तेव्हा असं दिसलं: पहिलं कार्ड ६० हजार, दुसरं कार्ड २८ हजार, ॲप ९ हजार. एकूण ९७ हजार. त्याला स्वतःला वाटत होतं दीड लाखाच्या वर आहे. भीतीनं त्यानं बिलं उघडणंच सोडलं होतं.

हे बोलणं चालू असताना पोराच्या तोंडाकडंही लक्ष ठेवा. झोपत नाही, जेवत नाही, "माझ्यामुळं तुम्हाला त्रास" असं बोलतोय, तर पैशाचा हिशेब बाजूला ठेवा आणि त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालतो. त्याला फोन लावायला सांगा किंवा तुम्ही लावा. ९७ हजार फिटतात.

वही झाल्यावर कार्ड वापरणं बंद. नुसतं शब्दानं नाही. सामान मागवायच्या ॲपमध्ये कार्डाचा नंबर साठवलेला असतो, तो काढून टाकायला सांगा. मग बँकेला लेखी विचारायचं, ही बाकी मासिक हप्त्यात करून द्या. बँका हे बऱ्याचदा करतात, कारण त्यांनाही पैसे परत हवेत. त्या मुलाच्या ६० हजारांचे २४ हप्ते झाले, शेकडा दीडनं. हप्ता सुमारे तीन हजार, व्याजावरचा जीएसटी धरून सुरुवातीला ३,१५०च्या आसपास. म्हणजे मिनिमम भरायला जेवढे जात होते तेवढेच जातात. फरक एवढाच, दोन वर्षांनी तिकडं ४६ हजार बाकी होती, इकडं शून्य. हप्ते करून घेताना शुल्क किती आणि मध्येच सगळे फेडले तर दंड किती, हे विचारायला विसरू नका.

ॲपचं कर्ज आधी संपवलं. त्यानं हप्त्यावर घेतलेला भारी मोबाईल ११ हजारांना विकला आणि ९ हजार भरले. आता साधा फोन वापरतो. ॲपबद्दल एक नियम सांगून ठेवतो. कर्ज देणाऱ्या ॲपला तुमच्या फोनमधले नंबर आणि फोटो घ्यायला रिझर्व्ह बँकेनं २०२२ पासून मनाई केलीय. कर्ज देण्याआधी सगळा खर्च धरून व्याज किती पडेल ते कागदावर द्यावं लागतं. जे ॲप हे पाळत नाही, नातेवाइकांना फोन करतं, फोटो बिघडवून पाठवायची धमकी देतं, त्याची तक्रार १९३० ह्या सायबर नंबरवर आणि पोलिसांत करायची. मेसेज पुसून टाकू नका, तोच पुरावा.

राहिलं दुसरं कार्ड, २८ हजारांचं. इथं गटाचा प्रश्न आला, आणि ती बैठक सोपी नव्हती. एका ताईंनी स्पष्ट सांगितलं, "रब्बीची पेरणी तोंडावर आलीय. ज्वारीचं बी, खत, ट्रॅक्टर ह्यासाठी चार जणी रांगेत आहेत. आमच्या पैशानं हिच्या पोराचं हॉटेलचं बिल का भरायचं? आज हिचं, उद्या सगळ्यांची पोरं रांगेत." ह्या बोलण्याचा राग कुणी धरू नये. गटाचा पैसा म्हणजे कुणाची खुरपणीची मजुरी, कुणाचे विड्या वळलेले पैसे. विचारायलाच पाहिजे.

पण दुसरी बाजूही आहे. उमेद अभियानातल्या गटांना बँक जे कर्ज देते त्याच्या नियमांत रिझर्व्ह बँकेनं लिहून ठेवलंय की सभासद ते कर्ज जास्त व्याजाचं जुनं देणं फेडायलाही वापरू शकते. मोठ्या कर्जातला ठराविक हिस्सा मात्र कमाईच्या कामाला लागला पाहिजे. म्हणजे शेळ्यांचं खोटं कारण सांगायची गरजच नव्हती. खोटं कारण लिहिलं की उद्या शेळ्या दाखवा म्हटल्यावर सगळा गट अडचणीत येतो. खरं कारण ठरावात लिहिलं तर गट त्यावर अटी घालू शकतो.

गटानं अटी घातल्या. अंतर्गत कर्जातून २८ हजार, शेकडा दोननं, महिन्याला २ हजार मुद्दल, १४ महिन्यांत फेड. पेरणीच्या चौघींना आधी, मग ह्या ताईंना, म्हणजे तीन आठवडे थांबायचं. पैसे हातात द्यायचे नाहीत, कार्डाच्या खात्यावरच भरायचे. कार्ड बंद झाल्याचं पत्र बैठकीत दाखवायचं. आणि हप्त्याचे पैसे मुलानं दर महिन्याच्या ७ तारखेला आईच्या खात्यावर पाठवायचे, आईनं स्वतःच्या मजुरीतून भरायचे नाहीत. शेवटची अट त्या विरोध करणाऱ्या ताईंनीच घातली. आमच्या मते सगळ्यात चांगली अट तीच. २८ हजारांवर कार्ड महिन्याला जीएसटीसह ११५६ रुपये खात होतं. गटाला पहिल्या महिन्यात ५६० रुपये जातात आणि ते शेवटी सगळ्या सभासदांच्या वाट्यात येतात. बैठकीत झालेलं बोलणं बाहेर जाणार नाही हेही ठरलं. आमच्या माहितीप्रमाणे अजून तरी ते पाळलं गेलंय.

सोन्याबद्दल बऱ्याच जणी विचारतात. बँकेचं सोनेतारण कर्ज कार्डापेक्षा खूपच स्वस्त पडतं, ही गोष्ट खरी. पण दोन गोष्टी झाल्याशिवाय डबा उघडू नका. एक, वही पूर्ण लिहून झाली पाहिजे. दोन, ज्या कार्डासाठी सोनं ठेवताय ते कार्ड बंद झालं पाहिजे. नाहीतर बाकी फिटल्यावर कार्ड पुन्हा कोरं होतं आणि सहा महिन्यांत पुन्हा भरतं. मग कार्डही आणि गहाण सोनंही, दोन्हीचे हप्ते. सून असेल तर तिला न सांगता तिचं सोनं तर अजिबात नाही. जमीन, घर ह्यांचा विषय कार्डासाठी काढूच नका. कार्डाचं कर्ज बिनतारणी असतं. त्यासाठी आपण होऊन तारण कशाला द्यायचं?

आणि आई-बापाची जबाबदारी किती? कायद्यानं सांगायचं तर सज्ञान मुलाच्या कार्डाचं कर्ज हे त्याचं कर्ज. तुम्ही जामीन म्हणून सही केली नसेल, तुमच्या नावानं जोडकार्ड घेतलं नसेल, तर बँक तुमच्याकडं मागू शकत नाही. वसुलीवाला दारात येऊन "इथं सही करा, नुसती ओळख म्हणून" असं म्हणाला तरी सही करू नका, अंगठाही नको. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ नाही, घरच्यांना आणि मित्रांना त्रास द्यायचा नाही. तसं झालं तर तारीख-वेळ लिहून आधी बँकेकडं लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, त्याला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८ नंबर आहे.

"पोलीस घेऊन येतो, जेलमध्ये घालतो" ही धमकी हमखास दिली जाते. पैसे नसल्यामुळं कार्डाची बाकी राहिली, एवढ्यावरून कुणाला अटक होत नाही, तो दिवाणी मामला आहे. दिलेला चेक किंवा खात्यातून आपोआप कापायचा हप्ता परत गेला तर मात्र प्रकरण वेगळं होऊ शकतं. म्हणून कोर्टाची नोटीस आली तर ती देवघरात ठेवून देऊ नका, वकिलाला दाखवा. सोलापूरला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. बायकांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

एक जुनी गोष्ट आठवली म्हणून सांगतो. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ मध्ये इंग्रज सरकारनं शेतकऱ्यांसाठी कायदा केला, तो पुणे, सातारा, नगर आणि आपल्या सोलापूर अशा चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यात दोन गोष्टी होत्या. कोर्टानं नुसता कर्जरोखा बघायचा नाही, पहिल्यापासूनचा सगळा हिशेब काढायचा. आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करायची नाही. दीडशे वर्षं होत आली त्याला. आपल्या पोरांना मात्र आजही फोनवरच्या एका धमकीनं घाम फुटतो.

सेटलमेंटचंही विचारलं जातं. खूप महिने हप्ते थकले की बँक म्हणते, थोडं कमी भरा, मिटवून टाकू. नोकरीच गेली असेल, फेडीचा दुसरा मार्गच नसेल तर ठीक आहे. पण सिबिलच्या नोंदीत "सेटल्ड" असा शिक्का बसतो आणि पुढं घराला, गाडीला कर्ज मिळताना तो आडवा येतो. करायचंच तर आधी बँकेचं पत्र, मग पैसे, आणि पैसे कार्डाच्या खात्यावरच. एजंटच्या हातात रोख किंवा त्याच्या मोबाईल नंबरवर एक रुपयाही नाही. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, पोराला काढायला सांगा. वहीत न लिहिलेलं देणं असेल तर त्यात दिसतं.

आणि लेकींनाही विचारा बरं का. पुण्यात नर्सिंग करणाऱ्या, मॉलमध्ये काम करणाऱ्या आपल्या मुली आहेत. त्यांच्या कार्डावर भावाचा मोबाईल, नवऱ्याची गाडी घेतलेली असते. बाकी मात्र तिच्या नावावर आणि फोनही तिलाच. वहीत "खर्च कुणासाठी" असा एक रकाना वाढवला की ते दिसून येतं.

त्या ताईंच्या मुलाचे गटाचे पाच हप्ते आलेत. एकदा ७ तारखेला पैसे आले नाहीत, ११ तारखेला आले. सचिव ताईंनी वहीत उशीर लिहिला आणि नियमाप्रमाणे दहा रुपये दंड घेतला. दुसरं कार्ड बंद करायला त्यानं अर्ज दिला होता. बाकी नसेल तर बँकेनं सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद केलं पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. फोनवरचा माणूस "सर, ठेवा ना, फुकट आहे" म्हणत होता. मुलानं हा नियम त्याला सांगितला, आणि चौथ्या दिवशी पत्र आलं. ते आता गटाच्या दप्तरात लावलंय. पहिल्या कार्डाचे १९ हप्ते राहिलेत.

येत्या बैठकीला येताना तुमच्या घरातल्या अशा देण्याचा कागद असेल तर घेऊन या. शेकडा किती पडतो ते आपण तिथंच काढू.